उजाडलं म्हणून थांबलो

जत्रा उठली. वेंगुर्ल्याच्या बंदरावर,
बर्फाच्या कारखान्यामागे टेम्पो लावून
आम्ही ड्रायव्हरची वाट बघत होतो.
तो कुणाच्या तरी ओटीवर झोपला होता.
बुधाजी मठकर खोबरेल तेलाने राजा पुसत होते:
आधी मिशी, मग कपाळ.
गळ्याखालचा पिवळा रंग ठेवूनच दिला,
उद्या परत लागणारच म्हणाले.
चाळीस वर्षं दशावताराची कंपनी चालवतात.
दिग्दर्शक हा शब्द फक्त हँडबिलावर,
एरवी सगळ्यांचे आबा.

आणि होडीला टेकून इनास आल्मेडा,
मांडीवर गिटार, पायात बोटीवरच्या नोकरीतले
टोकदार बूट. वाळूत ते बूट दिसत होते
आमची तलवार दिवसाउजेडी दिसते तसे.

इनास सांगत होता,
जहाजावरच्या बारमध्ये अकरा वर्षं
खोगीर, धूळ, लांब रस्ता,
मागे राहिलेली बाई, सगळं गायलो.
"आबानु, घोड्यावर कधी बसूक नाय मी.
एक म्हातारो गोरो मात्र ढसाढसा रडलो.
माका लाज वाटली."

आबा कानामागचा रंग काढत होते.
"लाज कित्याक?
रात्री मी रथातून उतरलंय.
रथ म्हणजे शाळेचा बाकडा.
लोकांनी घोडे मोजले. चार."

इनास हसला नाही.
आता तो इथली गाणी करतो,
घोड्याच्या जागी बर्फाचा ट्रक घालतो.
पण ट्रक हिंकाळत नाही, म्हणाला,
दुसऱ्याच ओळीत अडतो.
सूर माझ्याकडे तीनच.
चौथा आला की गाणं शहाणं होतं
आणि मग मला ते आवडत नाही.

आमच्याकडे तर वहीसुद्धा नाही.
खेळाआधी तासभर आबा कथा सांगतात,
कोण कुणाला मारणार, कोण शाप देणार,
पुढचं ज्याचं त्याने बोलायचं.
मी पायपेटीवर. मला कथाही सांगत नाहीत.
पाठीवरून ओळखायचं.

"मगे काल पोरगो मेल्याची बातमी इली तेव्हा," इनासने विचारलं,
"तुमी बोलूकच नाय. कितको वेळ!
माझ्या बाजूची बाई पदर तोंडात धरून होती.
तेव्हा तुमच्या मनात काय होता?"

कारखान्यात कुणीतरी लादी फोडत होतं.

"काय नाय रे," आबा म्हणाले,
"बाकड्याचो पाय निसाटलो होतो.
तो धरून होतंय."

खरं असेल. नसेलही.
मी एवढंच सांगू शकतो,
तेवढा वेळ मी काळी दोन दाबून धरली होती,
पाय भात्यावर, श्वास पेटीचा की माझा कळेना,
आणि पखवाजवाला डोळ्यांनी विचारत होता,
वाजवू?

"खयचो सूर?" इनास माझ्याकडे वळला.
रात्रभरात पहिल्यांदा कुणी मला काही विचारलं.
सांगितला.
त्याने खिशातून काढला बाटलीचा कापलेला गळा,
घासून घासून कडा मऊ केलेला,
करंगळीत घालून तारेवर सरकवत नेला.
काळी दोन लागली नाही.
तिच्या जरा अलीकडे थरथरत राहिली,
खाडीच्या तोंडाशी होडी थांबते तशी,
भरतीचा अंदाज घेत.

आबांनी तेलाचा बोळा उचलून धरला.
"थयच ऱ्हव. फुडे जाव नको."

तो राहिला. बराच वेळ.

मग आबांनी विचारलं, तुझं गाणं संपतं कसं?
संपत नाही, इनास म्हणाला,
रेकॉर्डिंगमध्ये आवाज हळूहळू उतरवतात,
ऐकणाऱ्याला वाटतं अजून कुठेतरी चालू असेल.
आबांना ते पटलं नाही.
"आमका बरा. उजाडता, म्हणान थांबतंव."

ड्रायव्हर आला, चूळ भरत.
समोर पाण्यावर तांबडं फुटलं होतं.
बाकडं शाळेत परत द्यायचं होतं,
ते आम्ही तिघांनी उचललं,
मोडक्या पायाकडून आबा.